दाराबाहेरचा तुकडा

मित्रांनो, तुमच्या आजीआजोबांनी ज्या टाटपट्टीवर मांडी घालून पाढे घोकले, ती जुनी टाटपट्टी मीच. आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून गेलेला नाही.

तागाच्या दोऱ्यांनी विणून मला चांद्याहून बैलगाडीने गावच्या शाळेत आणलं. चौथीची सारी पोरं माझ्यावर दाटीवाटीने बसत. नवी होते तेव्हा माझं कौतुकही फार झालं. छप्पन साली तळ्यात मासे धरणाऱ्या घनश्यामची लेक, चौथीतली गिरजा, नागपूरच्या दवाखान्यातून परत आली. गुडघ्यावर गाठ होती, धड चालवत नव्हतं. विजेचे शेक दिल्याने तिथली कातडी काळी पडली होती.

आमच्या भागात महारोगाची भारी धास्ती. डाग दिसला की माणूस वाळीत. गावचे पाटील सोमाजी शाळेत येऊन गरजले, "मास्तर, हा महारोग होय. आमच्या पोरायले लागन. तिले बाहेर बसवा."

गुणवंतराव मास्तरांच्या खिशात गिरजाच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. ती त्यांनी वाचलीही होती. तरी तोंडातून ब्र निघाला नाही. शिकलेला माणूस, आणि पाटलापुढे शेळी! विळा घेऊन त्यांनी माझा दोन हात तुकडा कापला आणि दाराबाहेर टाकला.

गिरजा त्यावर बसे. तिथून फळा दिसत नसे. शेवटी वच्छला नावाची पोर पाटी घेऊन उंबऱ्यात जाऊन बसली.

"तू काऊन तिथी बसली?" मास्तर ओरडले.

"फळ्यावरचं गिरजाले वाचून दाखवून राह्यली, गुर्जी."

मग पोरांनी आपसात पाळ्या लावल्या. दोघांनी हातांची पालखी करून तिला घरून आणायचं, एकाने दप्तर घ्यायचं, एकाने गणित सांगायचं. मास्तरांनी छडी उगारली, तेव्हा सारा वर्गच बाहेर धुळीत जाऊन बसला. पाटलांचा नातू इस्तारीसुद्धा!

सोमाजी धावत आले. आता कुठे मास्तरांनी चिठ्ठी काढून वाचली. हा कॅन्सर आहे, शेजारी बसल्याने होत नाही.

"हे तुमाले कवापासून ठाऊक होतं?" सोमाजींनी विचारलं.

"महिना झाला."

पाटील खाली मान घालून निघून गेले. गिरजा आत आली. पाळ्या चालूच राहिल्या.

होळीच्या आधी ती गेली. उठवत होतं तोवर पोरांनी तिला शाळेत आणलं. आज मी अडगळीत आहे, उंदीर कुरतडतात, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, वर्गात कोणी आजारी असेल तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा, शहाणपण मागाहून करा. गिरजाला गाठीने नेलं, ते कोणाच्या हातात नव्हतं. तिचा दाराबाहेर गेलेला तो महिना मात्र गाठीने नेला नाही.