लाल पट्टा

मला सगळे ठिणगी म्हणतात. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून. वीस वर्षं मी जंगलात झाडांवर खुणा करते. तोडायच्या झाडाला छातीच्या उंचीवर लाल पट्टा, बस्स. ‘हे कशाला रंगवलं?’ असं कुणी विचारलंच तर मी त्याला खायला उठते. हळूहळू सगळ्यांनी विचारणं सोडून दिलं.

यंदा नवे साहेब आले आणि त्यांनी पद्धतच उलटी केली. म्हणाले, "जंगल उरलंय केवढंसं! आता ठेवायची झाडं रंगवा, पांढऱ्या रंगानं. त्यांना हात लावायचा नाही. बाकी माजलेली परकी झाडं तेवढी काढायची." म्हटलं, बरंच झालं, एकदाचं थोडं पुण्य तरी पदरात पडेल.

पांढरा डबा काही येईना. आणि मला कुठला दम धरवतोय! लाल तर लाल, टोळीला द्यायच्या कागदावर सगळं लिहिलेलं आहेच की. शनिवारी जाऊन बारा झाडं रंगवून आले. एक म्हातारी आणि तिची अकरा पोरं. म्हातारी म्हणजे त्या जातीचं, बी देणारं आमच्या डोंगरावरचं शेवटचं झाड. पलीकडच्या उतारावरची कधीच गेली. हिच्या बियांतून वहिनीनं रोपवाटिकेत रोपं केली, दादानं खड्डे खणले, आणि शेकड्यांतली अकरा जगली. त्यांना फळ धरायला अजून चार-पाच वर्षं तरी लागणार होती. तोवर सगळी भिस्त म्हातारीवर.

सोमवारी सकाळी ब्रश परत करायला कोठीत गेले, तर कोठीवाले काका म्हणाले, "आला बघ तुझा पांढरा डबा."

"आता काय त्याची पूजा करू? मी लालनं उरकलंसुद्धा."

"लालनं? अगं, तुझा दादा तर उजाडताच टोळी घेऊन वर गेला. कागद हा इथंच पडलाय. मी म्हटलं, वाचून तरी जा. तर म्हणतो कसा, ‘बहिणीचा पट्टा असताना कागद कशाला?’"

दादा तोडणाऱ्या टोळीचा मुकादम. नवी पद्धत त्या कागदाशिवाय त्याला कुणी सांगितलेली नव्हती. मी सांगायला हवी होती. रविवारी त्याच्याच घरी जेवले, जगभराच्या गप्पा मारल्या आणि नेमकं तेवढंच राहिलं.

फोन लावला. वर रेंज कुठली असायला! पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग धावत सुटले. पांढरा डबा आणि ब्रश हातात तसेच आहेत, हे अर्ध्या वाटेत कळलं.

वरून करवतीचा आवाज येत होता. मोकळी फिरते तेव्हा ती चिरकते आणि लाकडात शिरली की आवाज जड होतो. जड झाला की माझे पाय पळायचे, थांबला की पायच उचलेनात. म्हातारी नको रे देवा, म्हातारी नको. वळणावर गुडघा फुटला, रक्त आलं. म्हटलं, असू दे, तुला हेच पाहिजे. मग आवाज जो थांबला तो पुन्हा आलाच नाही. त्या शांततेत मी शेवटचा चढ कशी चढले, माझं मला ठाऊक.

म्हातारी उभी होती! मला रडूच फुटलं. दादा तिच्या बुंध्याला टेकून बसला होता, करवत बाजूला बंद. टोळीतली माणसं लांब सावलीत बसलेली. मधल्या उतारावर अकरा झाडं आडवी पडली होती.

"आलीस? बरं झालं," दादा म्हणाला. "आता खालीच येणार होतो. हिला का गं पट्टा मारलास? दोनदा करवत लावली, दोनदा बंद केली. हात धजेना. ठिणगी चुकायची नाही, पण विचारावं तरी. रागावू नकोस हं."

रागावू नकोस म्हणे. मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

"आणि ती अकरा... त्यांना कीड लागली असेल ना?" त्यानं विचारलं. "खड्डे मीच खणलेले, म्हणून वाईट वाटलं. पण पट्टा तुझा होता."

‘हो, कीडच लागली होती.’ वाक्य अगदी ओठांवर आलं. तो सुखानं घरी गेला असता. पण त्याचे डोळे माझ्यावर होते.

"ठेवायची होती, दादा. बाराच्या बारा. चूक माझी. पद्धत बदलली आणि मी तुला सांगितलं नाही."

तो हातावरचा भुसा झटकत राहिला. भुसा कधीच गेला होता, तरी झटकत राहिला. मग माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाला, "हिच्यावर शब्द लिही. पट्टा नको. मला वाचता येतं."

करवतीच्या पान्यानं झाकण उचकटून मी लाल पट्ट्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ठेवा’. काना वाकडा आला. दादानं ते मोठ्यानं वाचलं. मग तो वळून पडलेल्या झाडांकडे बघत राहिला.

"आता तुझ्या वहिनीला काय सांगू?" तो म्हणाला. "रोज घरी गेलो की विचारते, पोरं केवढी झाली म्हणून."