आपला दिवा

आमच्या घरात ‘आपण’ हा शब्द फार काम करतो. म्हणजे शब्द करत नाही, मी करते. ‘आपण उद्या माळा आवरू’ असं हे म्हणाले की मी शिडी शोधायला लागते आणि हे चष्मा. माळा आवरून झाला की पाहुण्यांना सांगतात, ‘आपण अख्खा माळा एका दिवसात काढला!’ त्या दिवशी ह्यांनी काढलेली एकमेव गोष्ट म्हणजे झोप.

गाडीही अशीच ‘आपली’. जुनी आहे. चार चाकं, वर छप्पर, शेजारीशेजारी दोन सीटा आणि दोघांनाही पायडलं. पायडल मारलं की बॅटरीवरची मोटर मदतीला येते, नाही मारलं तर ढिम्म हलत नाही. हँडल अर्थातच ह्यांच्याकडे. दोन्हीकडची पायडलं एकाच दांड्याला जोडलेली, त्यामुळे एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचेही फिरायचे. ही सोय कुणाच्या पथ्यावर पडत होती, हे मला इतकी वर्षं कळू नये म्हणजे कमालच.

ह्या गाडीतून दर आठवड्याला आम्ही ताईकडे जायचो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं घर चढावर. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं जग पलंग, वॉकर आणि खिडकी एवढंच उरलंय. मी गेले की आम्ही दोघी तास दोन तास यथेच्छ कुटाळक्या करतो. तेवढं सोडलं तर तिच्याशी भांडायलाही कुणी नाही.

मागच्या महिन्यात गाडी अर्ध्या चढावर बसली.

‘तुझा जोर कमी पडतोय,’ हे म्हणाले. ‘वय झालं तुझं. मी एकटा किती ओढणार? त्यापेक्षा आता ताईंशी फोनवर बोलत जा.’

मला रडू आलं. रागही आला. पण मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की मला ते खरंच वाटलं. दोघं पायडल मारतोय तरी गाडी चढत नाही, म्हणजे कच्चा गडी मीच असणार.

‘गिअर बदलून घेऊ,’ मी म्हटलं. ‘आणि सीटाही. माझी तर कुल्ल्याखाली मोडली आहे.’

‘घेऊ. पण त्यानंतरही नाही चढली, तर ताईंकडे जाणं बंद.’

मी कबूल केलं. घोडामैदान जवळच होतं.

मेकॅनिककडे हे पूर्ण वेळ खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. ‘आपण हा नट जरा घट्ट करू,’ म्हणाले की मेकॅनिक इकडेतिकडे बघायचा. आपण म्हणजे कोण, हे त्याला नवीन होतं. त्याने जुना दांडा काढला आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळे गिअर बसवले. आता ज्याचं पायडल त्याच्यापुरतं. समोर दोन हिरवे दिवे लावले, डावीकडे माझा, उजवीकडे ह्यांचा. जो पायडलावर जोर देईल त्याचा दिवा लागणार. सीट मी साधी, कडक, पुढे सरकणारी घेतली. ह्यांनी घेतली ती बघून मेकॅनिकसुद्धा थबकला. जाडजूड गादी, मानेला उशी, हाताला आधार. नुसतं तोंडावर पेपर टाकायचं बाकी.

‘साहेब, पाय पोचतील ना?’

‘आपण पोचवू,’ हे म्हणाले.

रविवारी निघालो. सपाटीला मजेत गेलो. चढ आला तसा मी हलका गिअर टाकला. पाय भराभर फिरू लागले, गाडी मुंगीसारखी पण न थांबता वर सरकू लागली. मला इतका आनंद झाला की शेजारी बघायचंच विसरले.

‘अगं, आपला दिवा लागत नाहीये,’ हे म्हणाले.

‘आपला लागलाय. तुमचा लागत नाहीये.’

‘बल्ब गेला असणार. आजकाल मेला माल कसला देतात!’

नाचता येईना अंगण वाकडं. मी मधला हातब्रेक ओढला आणि पाय खाली सोडले. ‘आता तुम्ही मारा बघू.’

ह्यांनी आधी घसा साफ केला. मग त्या सिंहासनावरून घसरत घसरत पुढे आले. हनुवटी हँडलला टेकली तेव्हा कुठे पाय पायडलाला टेकला. तोंड लालबुंद झालं. दिवा एकदा लुकलुकला.

‘लागला! लागला!’ हे लहान मुलासारखे ओरडले.

‘म्हणजे बल्ब चांगला आहे,’ मी म्हटलं.

मी ब्रेक सोडला आणि पुन्हा पायडल मारायला लागले. वर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात इतक्या वर्षांचे सगळे चढ येऊन गेले आणि मी ते एकटीने पुन्हा चढले. ‘वय झालं तुझं’ म्हणे! दोन माणसं ओढत होते मी. एकाचं वय झालं असेल, तर ते बसून बसून.

ताई खिडकीतच होती. दार उघडायला वॉकर घेऊन आली, म्हणजे केवढी वाट बघत असेल. हे गाडीतून उतरून, शर्ट नीट करून, तिच्यापुढे उभे राहिले.

‘बघा ताई, आपण एका दमात गाडी चढवली!’

ताईने माझ्या घामाने थबथबलेल्या तोंडाकडे बघितलं, मग ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘पुढच्या आठवड्यात येणार ना गं?’

‘आपण बघू,’ हे म्हणाले.

‘मी येणार,’ मी म्हटलं. ‘ह्यांना आणायचं की नाही, ते बघू.’