रंगाखाली कोरडा पडलेला आकाशपाळणा

मित्रांनो, मी एक जुना आकाशपाळणा आहे. जुना म्हणजे अवघा चौदा वर्षांचा. पण परवा भंगारवाला मला चहूबाजूंनी बघून गेला. त्याला माझ्या वयाशी काय करायचंय!

नगर शहराबाहेर आमची मोठी बाग होती. रविवारी माझ्यासाठी फाटकापर्यंत रांग लागायची. मला चालवायचा रंभाजी. पाथर्डीकडचा हा ऊसतोड्या कोयता टाकून इथं आला तो एकाच हट्टानं: लेक निकिता एकाच शाळेत दहावीपर्यंत शिकली पाहिजे. रोज माझ्या सांध्यांत ग्रीस भरल्याशिवाय तो चहाला हात लावायचा नाही.

पुढं गर्दी आटली. खंडेनवमीला मालक राधाकृष्णशेठ यांनी दुरुस्तीऐवजी रंगाचे डबे आणले. रंगाऱ्यानं मला पिवळाधमक केलं आणि ग्रीस भरायची तोंडंही रंगानं बुजवली. ओल्या रंगावरच हळदकुंकू वाहिलं. रंभाजीनं दुसऱ्या दिवशी खरवडून पाहिलं, पण रंग आत घट्ट बसला होता. शेठ म्हणाले, "दिवाळीनंतर बघू."

भाऊबीजेला बाग भरली आणि मी करकरू लागलो. रंभाजीनं एकेक पाळणा हळूच खाली आणून सगळ्यांना उतरवलं.

"शेठ, आत गिरीस जातच न्हाई. आता ह्याला फिरवायचा न्हाई."

"वर्षाची गर्दी आज आलीय, अन् तू पाळणा बंद करतोस?"

"लेकरं बसत्यात ह्याच्यात, शेठ."

लोकही त्याच्यावरच खवळले. शेठनी सगळ्यांदेखत त्याला हाकललं.

तीन दिवसांनी नव्या माणसानं मला रिकामाच फिरवून पाहिलं. मी अडकलो तो कायमचा. 'जाता जाता रंभाजीनंच काड्या केल्या,' असं शेठ सांगत सुटले आणि लोकांना ते पटलंसुद्धा! मेले सगळे कानाचे हलके. त्या बोभाट्यानं रंभाजीला शहरात कुणी कामावर घेईना. शेवटी बायको भागिरथी आणि लेकीला घेऊन तो मुकादमाच्या ट्रकमध्ये चढला. नववीतली निकिता आता उसाच्या मोळ्या बांधते. बागेला टाळं लागलं, तिथं प्लॉट पडणार आहेत.

मुलांनो, यंत्राला नुसतं नटवू नका, त्याची निगा राखा. आणि ते राखणारा माणूस 'थांबा' म्हणाला, तर थांबा. त्या दिवशी रंभाजीवर सगळ्यात मोठ्यानं ओरडली ती तुमच्याच वयाची मुलं होती. ती सगळी सुखरूप घरी गेली. एखादं जरी पडलं असतं, तरी रंभाजीचं सगळ्यांना पटलं असतं.