काळी दोनचा तबला

"बाबा, ती कमेंट काढा आधी," जान्हवी म्हणाली. "चहा मग घ्या."

विश्वंभरांनी ओठांशी नेलेली बशी खाली ठेवली. रविवारची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत मोबाईलमधला तबला एकतालाचा ठेका देत एकटाच चालला होता आणि गाणं शिकायला आलेल्या दोन मुली सतरंजीवर बसून गुरुजींची वाट पाहत होत्या.

"कोणती कमेंट?"

"कालची. डाव्या हाताची."

त्यांना ती लगेच आठवली, आणि आठवताना मनात एक बारीकशी खुशीही हलली. कमेंट जमली होती.

टाळेबंदीत राममंदिराच्या ओवरीतला त्यांचा वर्ग बंद पडला, तेव्हा लेकीने त्यांना फेसबुकवर 'सूरसंगत' नावाचा ग्रुप काढून दिला होता. पहिल्या महिन्यात वसमतचे अकरा जण होते. आता हिंगोली, परभणी, नांदेडकडचे साडेचार हजार पेटीवाले, तबलजी, गायक आणि शाळांतले संगीतशिक्षक त्यात नांदत होते. कुणाला तिथे साथीदार मिळे, कुणाला शिष्य, कुणाला जुन्या पेटीचे सूर लावून देणारा कारागीर. आणि दर शनिवारी तिथे एक रिवाज पाळला जाई, तो विश्वंभरांनीच घालून दिलेला. सभासदाने आपल्या रियाजाचा तुकडा टाकायचा. जाणत्यांनी त्यातली फक्त चूक दाखवायची. वाहवा करायची नाही. "वाहवा करणारे पायलीला पन्नास," ते म्हणत, "चूक दाखवणारा कान दुर्मीळ." या कानाचा त्यांना अभिमान होता, आणि ग्रुपलाही होता.

कालच्या तुकड्यात माणूस दिसत नव्हता. मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवलेला. चौकटीत तबल्याची जोडी, दोन मनगटं आणि मागे पोत्यांची थप्पी. खातं शिवकन्या नावाच्या कुणा बाईचं. खाली एकच ओळ : 'गुरुजी, चूक सांगा.' उजव्या हाताचा तबला बोलत होता. डाव्या हाताचा बायाँ मात्र मुका होता, पंजा त्याच्यावर नुसता पडून होता. विश्वंभरांनी लिहिलं होतं : 'डावा हात घरी विसरून आलात काय? रोज दोन तास घासा, मग इथे या.' दोनशे तीस जण त्यावर हसले होते.

जान्हवीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्या हसण्याच्या खाली, सकाळी सव्वासहाला, कुरुंद्याच्या एका भजनी माणसाने लिहिलं होतं : 'गुरुजी, हे डोंगरकड्याचे रामकिशन तबलजी हायेत. लकव्यानं डावं अंग गेलं त्यायचं, दीड वरीस झालं. तुमाला तर म्हाईत असन.'

विश्वंभरांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटचं वाक्य तेवढंच दिसत राहिलं.

"काकांना लकवा झाला, अन् आपल्याला कुणी सांगितलं नाही?" जान्हवी म्हणाली.

विश्वंभरांनी कानात इअरफोनची तार घातली आणि तो तुकडा पुन्हा ऐकला. समेवर यायच्या आधी तबला केसभर मागे रेंगाळत होता; उंबऱ्याशी आलेल्या माणसाने आत शिरण्याआधी क्षणभर थांबावं तसा. मग नेमका समेवर उतरत होता. बावीस वर्षं हे रेंगाळणं त्यांच्या उजव्या बाजूला बसलेलं होतं. कुरुंद्याच्या सप्ताहात, वसमतच्या गणपतीत, हिंगोलीच्या दसऱ्यात. त्या रेंगाळण्यावर विसंबून त्यांनी किती तरी ताना हवेत सोडल्या होत्या, खाली कुणी तरी झेलायला आहे या भरवशाने. आणि काल त्याच कानाने, ज्याचा त्यांना अभिमान होता त्या कानाने, चूक तेवढी ऐकली होती. माणूस ऐकला नव्हता.

भांडण झालेलं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. टाळेबंदीत मोबाईलमधला तबला घरात आला. तो पेरणीला सुटी मागत नसे, त्याची बस चुकत नसे, त्याला जेवायला वाढावं लागत नसे. टाळेबंदी उठली तरी तो राहिला. रामकिशनचा फोन दोन दिवाळ्या येत राहिला. तिसरीला आला नाही, आणि ही गोष्ट विश्वंभरांच्या ध्यानात आली ती होळीला.

त्यांनी कमेंट काढली. आता काय लिहावं म्हणून अंगठा थबकला होता, तेवढ्यात तो तुकडाच पडद्यावरून नाहीसा झाला. शिवकन्या हे नावही ग्रुपमध्ये राहिलं नव्हतं.

"मुलींना सांग, आज वर्ग नाही," ते उठत म्हणाले.

चप्पल पायात घालून ते बाहेर पडले, तेव्हा आतला तबला तसाच वाजत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बस कुरुंद्यावरून गेली. हळद शिजवायचे दिवस होते; शिवाराशिवारातून वाफ उठत होती आणि तिचा उग्र, मातकट वास खिडकीतून आत येत होता. विश्वंभर मनाशी माफीची वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य ग्रुपवर टाकायच्या मजकुरासारखं तयार होत होतं. त्याला सुरुवात होती, शेवट होता, आणि शेवटानंतर लोक काय म्हणतील याची चाहूलही होती. डोंगरकडा येईस्तोवर त्यांचं ठरलं. रामकिशनला शेजारी बसवायचं, लाइव्ह यायचं, आणि साडेचार हजार लोकांसमोर हात जोडायचे. त्याला ग्रुपमध्ये मानाने परत आणायचं.

अंगणात आशाबाई, रामकिशनची बायको, शिजलेली हळद पसरत होती. हात कोपरापर्यंत पिवळे.

"वहिनी, ओळखलं का?"

"आमी वळकतो, भाऊजी." तिने मान वर केली नाही. "आमाला फेसबुक न्हाई ना."

"रामकिशन आहे का घरात?"

"हायेत की. जातेत कुठं? डावा हात घरी इसरलाय, तव्हापासून घरीच असतेत त्याच्यापाशी."

विश्वंभर उन्हात उभे राहिले. दारातून पाण्याचा तांब्या घेऊन सून आली. तिने खाली पाहत सांगितलं, "मीच टाकलं व्हतं ते, गुरुजी. माज्या मोबाईलवरून. मामंजी दोन महिने बसून राह्यले व्हते त्याच्यावर. मी म्हनलं, नाव टाकू का? तर म्हनले, नको. गुरुजी आयकून वळकतेत."

म्हणजे ती शिवकन्या ही. तांब्यातलं पाणी त्यांच्याने पिववेना.

रामकिशन माळवदाच्या खोलीत बाजेवर टेकून बसला होता. अंग उतरलं होतं. ओठांची डावी कड खाली ओघळल्यासारखी झाली होती, पण मिशी अजून नीट कातरलेली.

"या गुरुजी," तो सावकाश म्हणाला. "बसा तुमी."

चार माणसांत रामकिशन विश्वंभरांना गुरुजी म्हणे, तुम्ही म्हणे. माणसं पांगली की अरे-तुरे सुरू होई. हा दोघांमधला जुना पायंडा होता. आणि आज खोलीत दोघंच होते.

"रामकिशन, मला माहीत नव्हतं रे."

"कसं असन? मी कुठं टाकलं व्हतं फेसबुकवर." ओठाची उजवी बाजू तेवढी हसली. "आदी कळवायला पायजे व्हतं, की बा, येत्या मंगळवारी लकवा मारनार हाय."

"मी सगळ्यांसमोर माफी मागतो. आत्ता. तू शेजारी बस, मी लाइव्ह येतो. ज्यांनी ज्यांनी हसून घेतलं, त्या सगळ्यांनी बघितलं पाहिजे."

"काहून?"

"काहून म्हणजे?"

"चूक बराबर दाखवली तुमी. बायाँ मुकाच व्हता. लोक हसले, ते बी बराबर. मी असतो तर मी बी हसलो असतो. त्याची तकलीफ न्हाई मला."

"मग तो तुकडा काहून काढून टाकला?"

रामकिशनने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाला, "तबला कोन्या सुरात व्हता?"

विश्वंभर म्हणजे देवळातल्या घंटेचा सूर सांगणारा माणूस. त्यांना काल ऐकलेल्या तबल्याचा सूर आठवेना. सकाळी कान लावून ऐकला होता, तेव्हाही ते फक्त हात ओळखण्याच्या गडबडीत होते.

"लक्ष नाही दिलं," ते म्हणाले.

"काळी दोन."

पेटीची दुसरी काळी पट्टी. ऐन उमेदीत विश्वंभर याच पट्टीतून गात. तो उंच सूर म्हणजे त्यांची ओळख होती. बावीस वर्षं रामकिशनचा तबला त्याच सुराला मिळवून ठेवलेला असे, कार्यक्रम असो वा नसो.

"एवढ्या वर दुसरं कोन गात व्हतं आपल्या हिकडं?" रामकिशन म्हणाला. "दोन महिने एका हातानं चढवला त्याला. म्हनलं, हात न्हाई वळकला तर न्हाई, सूर तर आपला सोताचा हाय, तो वळकतीन. लकवा तुमाला म्हाईत नसन, हे धरूनच व्हतो मी. पर तुमी वळकलंच न्हाई. मंग ते चुकलंच म्हनायचं. म्हून काढलं."

अंगणात आशाबाईचा हळद पसरण्याचा आवाज येत होता. खिशात मोबाईल थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही विश्वंभरांना सापडेना.

"काळी दोन माझी राहिली नाही आता," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "चार वर्षं झाली. गळा बसला एका हिवाळ्यात, तो मग वर चढलाच नाही. काळी एकला आलोय. तीसुद्धा सकाळच्या पारी जड जाते."

"कोनी बोललं न्हाई?"

"कुणाला कळलंच नाही. मोबाईलमधल्या तबल्याला बोट लावलं की तो खाली येतो. काहून खाली आणला, ते विचारत नाही."

रामकिशन त्यांच्याकडे पाहत राहिला. नजरेत राग नव्हता. कार्यक्रमात गायकाचा श्वास कुठे तुटणार ते आधी हेरून साथ करणारा माणूस जसा पाहतो, तसं ते पाहणं होतं.

"सांगायचं न्हाई व्हय रे लेका," तो शेवटी म्हणाला. "मी त्याला वरच धरून बसून राहिलो."

मग त्याने दाराकडे तोंड करून हाक दिली. "शिवकन्या, जोडी आन. अन् हातोडी."

जोडी आली. खाली उतरताना त्याने विश्वंभरांचा खांदा घेतला, पण बसल्यावर सोडला. उजव्या हाताने डावा हात उचलून त्याने बायाँवर ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली. वाजणार नव्हती ती.

"ऱ्हाऊ दे तितंच," तो म्हणाला. "सवय हाय त्याला. तू सूर दे."

तबला मिळवायला दोन हात लागतात. एकाने हातोडीचा ठोका द्यायचा, दुसऱ्याने पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, बोट मारून आवाज पाहायचा. रामकिशनने हातोडी उचलली, तबल्याच्या काठाला खालून वर एक ठोका दिला, हातोडी खाली ठेवली, बोट मारलं, ऐकलं, पुन्हा हातोडी उचलली. विश्वंभर नकळत पुढे सरले.

"हात लावू नको. सूर दे म्हनलं ना."

त्यांनी डोळे मिटले आणि सा लावला. त्यांचा आताचा सा, काळी एकचा. थोडा खरखरीत, काठाशी झिजलेला. इतक्या वर्षांत त्यांनी तो कुणासमोर असा उघडा लावला नव्हता. हातोडी, जमीन, बोट. हातोडी, जमीन, बोट. श्वास संपला की ते थांबत, नवा श्वास घेत आणि पुन्हा तोच सा धरत. बाहेर आशाबाईचा हात थांबला होता. रस्त्यावर वसमतच्या बसने भोंगा दिला आणि ती निघून गेली. खिशातला मोबाईल थरथरून थरथरून गप्प झाला.

काठावरच्या एकेका घराला ठोका बसत तबला खाली येत होता. एकदा तो सुराच्या अगदी जवळ आला; रामकिशनने बोट मारलं, मान तिरपी करून ऐकलं आणि विचारलं, "आला का?"

किंचित वर होता अजून. केसभर. विश्वंभरांना ते स्वच्छ ऐकू येत होतं.

त्यांनी श्वास घेतला, आणि काही न बोलता पुन्हा सा लावला. रामकिशनने हातोडी उचलली.