आमच्याकडं न्हाय

मूल हाकेला ओ देतं का?

देतं. नुसतं ओ देत नाही, धावत येतं, आणि येताना वाटेत जे असेल ते सांडतं. म्हणून तर घरात पाहुणे असले की मथुराबाई अयोध्येला हाक मारत नसे. कणगीच्या खोलीत टोपलीभर शेंगा फोडायला द्यायच्या, बाहेरून कडी घालायची आणि पाहुणे वेशीपलीकडं जाईस्तोवर लेकीचं नाव तोंडावर येऊ द्यायचं नाही. हा सासूबाईंचा कायदा. येरमाळ्यात निजामाचा कायदा चालायचा तो चावडीपर्यंत. उंबऱ्याच्या आत कस्तुराबाईंचा.

अयोध्या थोरली. उंचीनं आईच्या वर गेलेली, बोलणं मात्र एका वेळी एकाच शब्दाचं, आणि हसणं सगळ्या गल्लीला पुरेल एवढं. तिच्या पाठची गिरिजा. ही गल्लीतल्या बायकांची पत्रं वाचून दाखवायची आणि वाचता वाचता त्यांच्या जावयांना दोन शब्द स्वतःच्या पदरचे सुनवायची. गिरिजाला सास्तूरचं स्थळ आलं होतं. पुरुषांचं बोलणं झालं होतं. राहिली होती ती नवऱ्या मुलाची, बब्रुवानची, आत्या. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही म्हणे. ती चैत्र पौर्णिमेच्या आधी मुलगी बघायला येणार होती.

"थोरली अशी हाय हे कळलं तर धाकटीला कोन करून घील?" कस्तुराबाई म्हणाल्या. "हिच्या पोटी बी तसंच यील म्हनतील. यंदा यात्रेला सास्तूरची मानसं असनार. अयोध्या आमराईत न्हाय जायची."



आमराईचं असं आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी डोंगरावरून खाली आमराईत येते. तिथं माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात, कपाळाला लावतात आणि सगळ्यांच्या एका ढिगावर नेऊन ठेवतात. त्याच चुन्यानं पुढं देऊळ पांढरं होतं. वाकता आलं की झालं, दुसरं काही यावं लागत नाही. वर्षातलं हे एकच काम असं, की त्यात अयोध्येला कुणी "ऱ्हाऊ दे, तुला न्हाय जमायचं" म्हणत नसे. माणशी पाच खडे. पाच म्हणजे किती ते तिला कळत नव्हतं. मूठ भरली की तिचे पाच झाले. शिमगा झाल्यापासून ती रोज सकाळी आईचा पदर ओढायची.

"खडे?"

"व्हय, जायचं," मथुराबाई म्हणायची.

आता ते खोटं पडणार होतं.

मूल अनोळखी माणसाला बुजतं का?

मूल नाही बुजत. घर बुजतं.

दारात दमणी थांबली तेव्हा कस्तुराबाईंनी आधी बैल पाहिले, मग बाई पाहिली, मग पोरींकडं नुसतं बघितलं. तेवढ्यात अयोध्या कणगीच्या खोलीत गेली, गिरिजा इरकली लुगड्यात शिरली आणि चुरमुरे भिजत पडले.

उतरलेल्या बाईचा वेष साधा, हातात छत्री, बोलण्यात कानडी हेल. पायात बूट.

"आत्या बूट घालती व्हय?" मथुराबाई चुलीपाशी कुजबुजली.

"सास्तूरच्या पल्याड कानडी मुलूख. तिकडं काय बी घालत असतील. तू फोडनी दे."

ती आत्या नव्हती, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. ती गुलबर्ग्याची डॉक्टरीण, पार्वतम्मा. बोलायला, चालायला, समजायला मागं राहिलेल्या मुलांचा तपास करत ती निजामी मुलखात गावोगाव फिरत होती. अशी मुलं कुठं आहेत, कशी वाढली, त्यांना काय येतं, काय शिकवता येईल, हे तिला जाणून घ्यायचं होतं. आजवर तिच्या पदरात एकच उत्तर पडलं होतं: "आमच्याकडं न्हाय." आणि शेजारच्या घराकडं बोट. शेजारच्या घरीही "आमच्याकडं न्हाय," आणि बोट परत पहिल्या घराकडं. तिचे कागद पाहिले तर सगळ्या मुलखात असं मूल एकही नव्हतं. म्हणून तिनं नवी रीत धरली होती. गेल्या गेल्या कामाचं बोलायचंच नाही. आधी ऊन, मग ज्वारी, मग खाणंपिणं, आणि मग हळूच पेटी उघडायची. या घरात कोण आहे ते तिला येडशीच्या ठेसनावर गाडीवानानं सांगितलं होतं.

आता मुलगी बघण्याचीही आपल्याकडं हीच रीत. आलेल्याला कशाला आलात असं विचारायचं नसतं, आणि त्यानंही ते तोंडानं बोलायचं नसतं. ऊन, ज्वारी, खाणंपिणं.

दोघींचं फार छान जमलं.

"ऊन लई हाय, बाई."

"हो ना, अय्यो, येडशीपासून नुसतं ऊन."

"ज्वारी बरी हाय का तुमच्याकडं?"

"ज्वारी बरी."

भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला. पार्वतम्मानं हात धुतले आणि मऊ आवाजात म्हणाली, "मुलीला आणता का?"

मूल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं का?

गिरिजा पाटावर येऊन बसली. आजीनं तिला आठवडाभर पढवलं होतं. मान वर करायची न्हाय. विचारलं तर एकदाच बोलायचं, तेबी हळू. आपन होऊन कशाला हात लावायचा न्हाय. हुशारी दाखवशील तर फाडकन मोडंल समदं.

"नाव काय तुझं?"

गिरिजानं अंगठ्यानं जमीन उकरली.

"बरं. हे बघ काय आहे." पार्वतम्मानं पेटीतून एक लाकडी फळी काढली. फळीत गोल, चौकोनी, तिकोनी खाचा आणि त्यांत बसणारे पांढरे ठोकळे. ठोकळे फरशीवर खडखडत सांडले. "हा गोल कुठं बसेल?"

गिरिजाला दिसत होतं कुठं बसेल. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण हात पुढं करायचा नव्हता. तिनं आजीकडं पाहिलं. आजीनं डोळे वटारले. गिरिजानं मान आणखी खाली घातली.

"घाई नाही, बाळ," पार्वतम्मा म्हणाली आणि तिनं प्रश्नांच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

डोक्याचा घेर

पार्वतम्मानं फीत काढून गिरिजाच्या डोक्याभोवती गुंडाळली.

चुलीपाशी मथुराबाई अर्धवट उठली. कस्तुराबाईंचा चेहरा मात्र उजळला. त्या सुनेच्या कानाशी लागल्या, "मुंडावळ्यांचं माप घेतलं गं! पसंत हाय."

जन्मताच रडलं का? पहिलं पाऊल कधी टाकलं? झटके येतात का?

"रडली म्हंजे! वेशीपस्तोर ऐकू गेलं." "पाऊल? ती तर पळतच सुटली." "झटके? आमच्या सात पिढ्यांत न्हाय." कस्तुराबाई हसत हसत उत्तरं देत होत्या, पण सास्तूरकर जरा अतीच करतात असं त्यांच्या मनात येऊ लागलं होतं. दात मोजायचं तेवढं राहिलं होतं. तेही झालं.

शेवटी पार्वतम्मानं कागद मिटला आणि कस्तुराबाईंचा हात हातात घेतला.

"आजी, नाराज होऊ नका. मुलगी शांत आहे, हे फार चांगलं. मेहनत घेतली तर बोलेल. स्वतःचं नावसुद्धा सांगेल."



"नाव सांगंल?" कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या. "आवो, गल्लीची पत्रं वाचती ती! जावयांस्नी शिव्या घालती!"

आणि गिरिजाचा बांध फुटला. तिनं पदर मागं सारला, फळी ओढली, गोल गोलात, तिकोनी तिकोनात, फटाफट सगळे ठोकळे बसवले आणि डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "गिरिजा कोंडीराम. माझं डोकं मोजलंसा, आता तुमचं मोजू का?"

 पार्वतम्मा अशी हसायला लागली की तिची छत्री मांडीवरून घरंगळली. हसता हसताच तिनं सांगितलं, आपण कोण, कुठल्या, कशासाठी आलो.

"म्हंजे तुमी आत्या न्हाय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"आहे ना. चार भाच्यांची. पण सास्तूरची नाही."

घरात आणखी कोणी मूल आहे का?

"न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या, विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणायची सवय.

पार्वतम्मानं मान हलवली. हे उत्तर तिला पाठ होतं. तिनं फळी फरशीवर खडखडत पालथी केली आणि ती सांडलेले ठोकळे पेटीत भरू लागली. मथुराबाई कणगीच्या खोलीच्या दाराकडं बघत होती. आत शेंगा फुटायचा आवाज थांबला होता. ठोकळ्यांचा खडखडाट आतलीनं ऐकला होता.

एवढी वर्षं तिनं कडी घातली होती. कुणी सांगितलं म्हणून घातली होती, पण हात तिचाच होता.

"हाय," मथुराबाई म्हणाली. आणि कडी काढली.

ठोकळे

अयोध्या आली ती शेंगांची टोपली लाथाडत. टरफलं बाईंच्या बुटांवर. तिनं ना आजीकडं पाहिलं ना पाहुणीकडं. फरशीवर पांढरं काही सांडलं होतं. तिचा चेहरा दिवा लावावा तसा झाला.

"खडे!"

"हा गोल कुठं..." पार्वतम्मानं सुरुवात केली.

पण अयोध्या वाकली होती. तिनं एक ठोकळा उचलला, फुंकला, कपाळाला लावला आणि फळीच्या मधोमध ठेवला. दुसरा उचलला, फुंकला, कपाळाला लावला, पहिल्यावर ठेवला. गोल, चौकोन, तिकोन, तिला सगळे सारखे. मग पेटीत हात घालून आत भरलेलेही काढले. सगळे ढिगावर गेले तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "उदो! उदो!"

गिरिजा ओरडली. मथुराबाईही. पार्वतम्माला हे काय चाललंय ते कळेना. मथुराबाईनं आमराईचं सांगितलं, पालखीचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं.  "यंदा मात्र न्यायचं न्हाय म्हनतात."

"माझ्या तपासात ही पास नाही झाली," पार्वतम्मा म्हणाली. "खोटं कशाला सांगू? फळीचं काम तिला जमलं नाही. पण तिनं घेतलेलं काम शेवटाला नेलं. एवढं असलं की पुष्कळ शिकवता येतं: दळण, पाणी, गोठा. फक्त कडी काढावी लागते." आणि मग हळूच, "मी थांबले यात्रेला तर चालेल? मलाही वेचायचे आहेत."

पाहुणीला नाही कसं म्हणायचं? कस्तुराबाई म्हणाल्या, "थांबा की."

दुसऱ्याच दिवशी सास्तूरचा गडी निरोप घेऊन आला. आत्याबाईंना घरी यायला जमत नाही. त्या आता थेट आमराईतच भेटतील, मुलगी तिथंच बघतील.

कस्तुराबाईंनी कणगीच्या खोलीकडं बघितलं. मग सुनेकडं.

"माझ्याकडं बघू नगा, सासूबाई," मथुराबाई म्हणाली. "म्या तिला व्हय म्हनून बसले."

"आनि माझं मोडलं तर माझं मोडलं," गिरिजा आतून ओरडली. "म्या तिचा हात धरून जानार."

मूल इतरांत मिसळतं का?

आंबे अजून कच्चे होते आणि सावलीत मुंगीला जागा नव्हती. हलग्या, गुलाल, "आई राजा उदो उदो." अयोध्येच्या एका बाजूला गिरिजा, दुसऱ्या बाजूला मथुराबाई, मागं पार्वतम्मा बूट काढून अनवाणी. सगळ्यांच्या मागं कस्तुराबाई, पदर नाकापर्यंत, जणू त्या या घरच्या नव्हेतच.

अयोध्येची मूठ भरली. पाच झाले. ढिगाशी गेली तर ढिगाशी रांग तुंबलेली. पुढं एक दांडगा पोरगा उभा होता, मिसरूड फुटलेली, अंगात नवा सदरा उलटा घातलेला. तो एक खडा कपाळाला लावायचा, मग गालाला, मग दुसऱ्या गालाला, मग त्याच्याशी काहीतरी बोलायचा, मग ठेवायचा. हातात अजून पुष्कळ होते. मागची माणसं वैतागली होती.

"दगडोबा, आवर रं बाबा!" त्याच्या शेजारची जाडजूड म्हातारी घामानं निथळत होती. "लोक बघायलेत. कुठं ती येरमाळ्याची मानसं बघतील..."

पार्वतम्मा थबकली. "या बाईंना मी ओळखते," ती मथुराबाईला म्हणाली. "सास्तूरला यांच्या ओसरीवर बसून ताक प्यायले मी. विचारलं होतं. म्हणाल्या, आमच्याकडं न्हाय."

कस्तुराबाईंचा पदर नाकावरून खाली आला.

"आत्याबाई?"

म्हातारी वळली. तिनं बूट नसलेली डॉक्टरीण ओळखली, हाकेवरून कस्तुराबाई ओळखल्या, आणि मूठ आवळून हसणारी अयोध्या बघितली. 

"तुमी सांगितलं न्हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमी तरी कुठं सांगितलं?"

"भाऊ गेला, पोर पदरात टाकून गेला. ह्यो बब्रुवानचा सख्खा भाऊ. कोन पोरगी देतंय अशा घरात, म्हनून..."

"म्या पन म्हनूनच."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ए खुळ्या, हल की पुढं! पालखी थांबलीय तुझ्यापायी!"

आत्याबाईंनी दगडोबाचा दंड धरला, बाजूला ओढायला. पण कस्तुराबाई मधे शिरल्या. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात उंबऱ्याबाहेर आवाज चढवला नव्हता, तिनं कमरेवर हात ठेवले.

"थांबा की जरा! पेटलंय का कुठं? आमचा पावना हाय तो. सावकाश ठेवंल."

आत्याबाईंनी दंड सोडला. गिरिजाला त्यांनी बघितलं की नाही कुणास ठाऊक. त्या अयोध्येकडं बघत होत्या. अयोध्येनं दगडोबाच्या हातातला एक खडा काढून घेतला होता, फुंकून त्याच्या कपाळाला लावला होता, आणि आता दुसऱ्यासाठी हात पुढं करत होती. असं दोघांनी मिळून काम चालवलं तर ते दुपटीनं लांबणार होतं.

"आनि ती आमची हाय!" आत्याबाईंनी रांगेला बजावलं. "कुनी बोलायचं न्हाय तिला."

 भोई पालखी खांद्यावर घेऊन उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

मथुराबाईच्या मुठीत तिचे पाच खडे घामानं ओले झाले होते. तिची पाळी यायला वेळ होता. ती आंब्याच्या बुंध्याला टेकली आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांच्या देखत मोठ्यानं हाक मारली.

"अयोध्ये!"

"ओ!" अयोध्या म्हणाली, आणि धावत आली. येताना अर्धा ढीग सांडला.