शेवंतीची चार फुलं

लग्नाची नोंद झाली की नवरा-नवरीने कीवमधल्या चार ठिकाणी जाऊन फोटो काढायचे, ही रीत राइसाने मोडू दिली नाही. आधी सोनेरी दरवाजा, मग सोफिया चर्चचं घंटाघर, मग सोन्याच्या घुमटांचा मिखाइलचा मठ आणि शेवटी उतारावरचं आंद्रीचं चर्च. तिचं स्वतःचं लग्न असंच झालं होतं. धाकट्या नझारला चार दिवसांत आघाडीवर परतायचं होतं, तरी तिने एकही ठिकाण गाळलं नाही.

थोरला डेम्यान चौदा महिने लढाईत बेपत्ता होता. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, हे राइसा ज्याला त्याला ठणकावून सांगे. कुणी दयेने बघितलं की त्याच्याशी बोलणंच टाकी. आजच्या जेवणाला नझारशेजारी तिने डेम्यानची खुर्ची मांडून ठेवली होती.

"आई, या दगडांवर माझी टाच मोडली ना, तर तुमच्या लेकाला मला उचलून न्यावं लागेल हं," नवी सून झ्लाता म्हणाली.

"नेईल की! तीन वर्षं खंदक खणून दुसरं काय कमावलंय त्यानं?"

सोफियापाशी फोटो झाले. कोपऱ्यावरची फुलवाली दिसताच राइसाला आठवलं. "अरे नझार, दादाच्या खुर्चीवर ठेवायला फुलं राहिलीच बघ. पांढरी शेवंती आण. ताजी बघून घे, नाहीतर म्हातारी कालची गळ्यात मारेल."

नझार गेला आणि फुलं घेऊन आला. राइसाने हातात घेतली. चार होती.

कीवमधल्या बोबड्या पोरालाही ठाऊक असतं, की जिवंत माणसाला द्यायची फुलं एक, तीन, नाहीतर पाच. दोन, चार, सहा ही मेलेल्याची.

"चार आणलीस?"

"फुलवालीची मोजताना चूक झाली असेल."

"तिची चूक? जन्म गेला तिचा यात. तू काय सांगितलंस तिला?"

नझारचं तोंड उतरलं. "किती देऊ म्हणाली. माझ्या तोंडून चार निघून गेलं, आई."

राइसाने विचारलं, "कधी कळलं?"

"मंगळवारी. फोन माझ्या नंबरवर आला. सापडलेल्या एका देहाचा डीएनए तू दिलेल्या रक्ताच्या नमुन्याशी जुळला. लग्न पार पडू दे म्हटलं, उद्या सांगणारच होतो."

"आणि हिला?"

झ्लाता रडायलाच लागली. "माहीत होतं, आई."

राइसाला आधी राग आला. मंगळवारपासून ही दोघं तिच्यासमोर जेवत होती, हसत होती, आणि ती वेड्यासारखी खुर्चीवर कुठली उशी ठेवू म्हणून यांनाच विचारत होती. एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. मग राग कुठल्या कुठे गेला. डेम्यान नव्हता. तिचा डेम्यान नव्हता.

"आई, घरी जाऊ या," नझार म्हणाला.

"नाही. मिखाइल राहिलंय."

मिखाइलच्या बाहेरच्या भिंतीवर लढाईत गेलेल्यांचे फोटो आहेत, ओळीने, दूरवर. चौदा महिने राइसा त्या बाजूने फिरकली नव्हती, मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आज ती एकटीच भिंतीपाशी गेली. डेम्यानचा फोटो तिथे अजून लागायचा होता. दोन अनोळखी पोरांच्या फोटोंखाली वीतभर जागा होती, तिथे तिने वाकून चारही फुलं ठेवली. "तुमच्यात घ्या रे त्याला," ती म्हणाली. बराच वेळ ती तशीच वाकून होती.

ती परत आली तेव्हा फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला होता. राइसाने सुनेच्या हातातला लग्नाचा गुच्छ मागितला आणि एकेका फुलाला बोट लावत मोजायला लागली. अकरा. नझारकडे एकदा बघून तिने पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"अकराच आहेत, आई," झ्लाता हळूच म्हणाली.

राइसाने गुच्छ तिच्या हातात दिला आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी तिची मूठ आवळली.

"घट्ट धर, पोरी. एकही पडू देऊ नकोस."