आधी काय तुटणार

काठी आठ फुटांची. रीळ तीन हजार नंबरचं. दोरा

दोऱ्यावर आमचं भांडण झालं.

लवूकाका सकाळी अकराला दुकानात आले ते उजव्या हाताची तर्जनी वर धरून, वर्गात प्रश्न विचारायचा असावा तसे. मालवणच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे भाईंचं. मी तिथे नऊ वर्षं कामाला आहे. मूळ धंदा जाळ्यांचा, शिशाचा, नायलॉनच्या दोरीचा. हौशी लोक पुण्याकडून गळ टाकायला येऊ लागले, तेव्हापासून एका भिंतीला काठ्या आणि रिळं लागली. ती भिंत माझी. कुठल्या काठीला कुठलं रीळ चालेल हे भाईंना मला विचारावं लागतं, आणि गिऱ्हाइकासमोर विचारावं लागलं की त्यांचं तोंड कडू होतं.

"संचिता, ह्यां बघ," काकांनी बोट माझ्या नाकाशी आणलं. पेरावर आडवा वण होता. "डॉक्टर म्हणता दोरो बोटार घेव नुको. मगे काय पायार घेव?"

लवूकाका पन्नास वर्षं सर्जेकोटच्या पुढच्या कातळावरून गरवतात, म्हणजे गळाने मासे धरतात. रीळ नाही, काठी नाही. हातात तंगूस, म्हणजे नुसता नायलॉनचा दोरा, तर्जनीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, बस. मासा लागला की बोटाला कळतं. किती मोठा, कुठे चाललाय, धरायचा की सोडायचा, सगळं बोट सांगतं. गणपतीच्या आधी ती पट्टी सरकली आणि दोऱ्याने बोट हाडापर्यंत कापलं. जखम भरली. स्पर्श परत आला नाही.

"आता ह्या बोटाक इस्तू लायलो तरी कळाचा नाय," ते म्हणाले. गल्ल्यावरून भाई काडेपेटी दाखवत म्हणाले, "लावन बघूया मगे?" काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी काठ्या काढल्या. पहिली दहा फुटांची. काकांनी ती उचलली आणि टोक पंख्याला लागलं. दुसरी जाड, तिने मनगट दुखलं असतं. तिसरी आठ फुटांची, हलकी, दहा ते तीस ग्रॅमचा नकली मासा फेकणारी. तिला आधी चार हजारचं रीळ लावून दिलं. मुठीकडून जड झाली. मग तीन हजारचं लावलं आणि रिळाच्या जरा पुढे एका बोटावर तोलून दाखवली. काठी आडवी थांबली. काकांनी ती हातात घेतली, डोळे मिटले, दुकानातल्या दुकानात एकदा झटकली.

"हां," ते म्हणाले. "ही माझी."

इथपर्यंत सगळं बरं होतं.

या काठीला नऊ किलोची ओढ सोसणारा दोरा पुष्कळ झाला. काकांना अठरा किलोचा हवा होता. मी सांगितलं, जाड दोरा लांब जात नाही, रिळावर कमी मावतो, आणि मुख्य म्हणजे ओढ आली तर दोरा तुटायला हवा. काठी नाही, रीळ नाही. जोडी जमवायची म्हणजे आधी काय तुटणार ते ठरवायचं.

"तुटूक होयो?" काका भाईंकडे वळले. "ऐकलंस? तुझां चेडू दोरो विकता तो तुटण्यासाठी!"

भाई हसले. गिऱ्हाइकाला काय हवं ते दे, असं त्यांनी हनुवटीने सांगितलं. मी अठराचा भरला. गळ्यातल्या कात्रीने टोक कापलं. रिळाच्या पुढची चकती फिरवून दाखवली: हा ड्रॅग, हा सैलच ठेवायचा, मासा ओढेल तेव्हा दोरा घर्र करत बाहेर जाईल, जाऊ द्यायचा, दमला की गुंडाळायचा. काका मान हलवत होते. ऐकत नव्हते. त्यांचा जीव काठीत होता.

"आणि हातातसून सुटान दर्यात पडली तर?"

"तर कंबरेक बांधून ठेवा!" मी म्हणाले.

चेष्टेत म्हणाले. वैतागून म्हणाले. तीन बायका जाळ्यांच्या बोया घ्यायला खोळंबल्या होत्या. भाई पुन्हा हसले, बायकाही हसल्या. काका हसले का, ते मी बघितलं नाही.

काठी आठ फुटांची. रीळ तीन हजार. दोरा अठरा किलोचा. दोन वाव, म्हणजे बाराएक फूट, नायलॉनची दोरी, काकांनी जाताना वेगळी मागून घेतली. मीच कापून दिली. कशाला, ते मी विचारलं नाही.

अडीच वाजता फोन आला. मागे वारा होता.

"गो बाये, तुझां रीळ घसारता."

"घसारता म्हणजे?"

"लहानसो मासो लागलो, तर दोरो आपलो जाताच हा, जाताच हा. मी ती चकती घट्ट करून टाकलंय. फिरना नाय इतकी."

"काकानू, ती सैल करा. तां तसांच असता."

"आणि तू सांगलंस तशी कंबरेक बांधलंय हां. आता काय जायत नाय."

"काकानू, मी मस्करी..."

फोन ठेवला होता. मी परत लावला. वाजत राहिला. आणखी दोनदा लावला. तिसऱ्या वेळी तो लागलाच नाही.

मी भाईंना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. "लवू कातळार तुझ्या जन्माआधीपासून उभो आसा," ते म्हणाले. "तू तेका शिकवतलंस?"

खरं होतं. पण पन्नास वर्षं काकांच्या हातात दोरा होता, आणि हात दुखला की हात उघडतो. कंबर उघडत नाही.

मी स्कूटरची किल्ली घेतली.

दोरा अठरा. रीळ घट्ट केलं तर नऊ किलोच्या ओढीपर्यंत धरेल. काठी, वाकवून धरली तर चार, फार तर पाच, मग मोडेल. मोडली तर बरंच. मोडू दे, देवा, मोडू दे.

बाजारातून बाहेर पडायला सात मिनिटं. समोर पुण्याची गाडी, आतला माणूस काच खाली करून विचारतो, ताई, मासे चांगले कुठे मिळतील. मी हॉर्न वाजवते.

कोळंबचा पूल. खाडीचं पाणी आत येतंय. म्हणजे भरती. म्हणजे कातळाची खालची पायरी आता ओली, आणि खालच्या पायरीला शेवाळ असतं.

काकांचं वजन किती? पन्नास? धोतर नेसून पंचावन्न?

लहान मासा लागला होता. लहान मासे आले की त्यांच्या मागे त्यांना खायला मोठा मासा येतो, कोकर. एका ठोक्यात घेते आणि खाली पळते. वजन दहा, पंधरा, कधी वीस.

काठी वाकवून धरली तर मोडेल. पण काका काठी वाकवून धरणार नाहीत. हे मला पुलाच्या मधोमध कळलं आणि स्कूटर हलली. ते ती हातासारखी धरणार. तंगूस ओढताना माशाच्या दिशेने सरळ हात करतात, तशी. सरळ धरलेल्या काठीला वाक नाही. काठी मोडणार नाही. सगळी ओढ थेट रिळावर, रिळावरून दोरीवर, दोरीवरून कंबरेवर.

दोरा अठरा. रीळ नऊ. काठी हिशेबात नाही. दोरी मी स्वतः कापून दिलेली. तिने तर होडी बांधतात.

मग आधी काय?

मी तो शब्द मनात येऊ दिला नाही. सर्जेकोटच्या बंदराकडून पुढे गेले, वाट संपली तिथे स्कूटर आडवी टाकली. उभी करायचं सुचलं नाही. चपला काढल्या.

वरून मला आधी काकांची टोपी दिसली. मग काका. बसले होते. एक क्षण बरं वाटलं: बसलेत, निवांत बसलेत.

ते बसले नव्हते. पाय पसरून दोन्ही टाचा कातळाच्या भेगेत रोवल्या होत्या आणि अंग मागे टाकलं होतं. काठी समुद्राकडे सरळ. दोरा इतका ताणलेला की वाऱ्याने त्यातून बारीक आवाज येत होता.

"काकानू!"

त्यांनी मान वळवली नाही. "इलंस? बघ! बघ येदी मोठी आसा! कोकर! जन्मात बघूक नाय असली!"

"ड्रॅग सोडा! चकती फिरवा!"

"सोडूचंय नाय!"

"फिरवा म्हणतंय!"

"हात मोकळो खंय आसा गो!"

तेही खरं होतं. दोन्ही हात काठीवर होते. एक सोडला असता तर दुसऱ्याने धरवलं नसतं. मी बसत, घसरत, हाताने चाचपत खाली आले. शेवाळ गार होतं. एक लाट खालच्या पायरीवर आली आणि काकांच्या गुडघ्यापर्यंत पाणी झालं, आणि ती परतताना मी बघितलं, त्यांच्या टाचा भेगेतून बाहेर आल्या. ते वीतभर पुढे सरकले. बसल्या बसल्या. कुणी पाट ओढावा तसे.

मी मागून त्यांचा शर्ट धरला. कॉलरच्या खाली, पाठीवर, मुठीत मावेल तेवढा.

दोरा कापला असता तर एका कचक्यात संपलं असतं. पण दोरा त्यांच्या पलीकडे होता, कडेला. त्यांच्या अंगावरून तिथे हात नेला असता तर शर्ट सुटला असता. माझा हात पोचत होता तो कंबरेपर्यंत. दोरी करगोट्यावरून दोन वेढे घेऊन पुढे काठीच्या मुठीला गेली होती. गाठ भिजून दगड झाली होती. अशी गाठ काकांनीच आमच्या आळीतल्या पोरांना शिकवली असेल. ओढावी तेवढी घट्ट होते.

मी गळ्यातली कात्री चालवायला लागले. ती बारीक दोरा कापायची कात्री. नायलॉनची दोरी तिला ऐकेना. एक पीळ सुटला.

"काय करतंस गो?"

"तुमी बोला नुको."

"कात्री? दोरो कापशीत तर बघ!"

"दोरो नाय कापणंय."

दुसरा पीळ. बोटं ओली, कात्री निसटते. तिसरा पीळ अर्धा कापला आणि उरलेला त्या कोकरेनेच तोडला. टक्. काकांची कंबर एकदम मोकळी झाली, आणि ते मागे माझ्या अंगावर कलंडले, काठी दोन्ही हातांत घट्ट.

"काकानू, आता तुमच्या हातात आसा," मी म्हणाले. "फक्त हातात. कळता मा?"

ते समुद्राकडे बघत होते. पुढची लाट मला त्यांच्या आधी दिसली. मी डोळे मिटले आणि शर्ट ओढून धरला. पाणी आलं, छातीपर्यंत आलं, मागे जाताना आम्हा दोघांना घेऊन निघालं, आणि मग ती ओढ नाहीशी झाली.

डोळे उघडले तेव्हा काकांचे हात समोर तसेच होते, मुठी उघडलेल्या. काठी पाण्यावर सरळ चालली होती, मूठ वर, रीळ उन्हात चमकत. आठ-दहा वावांवर ती एकदा उभी राहिली आणि बुडाली.

आम्ही वरच्या कोरड्या कातळावर आलो. काकांची एक टाच सोलली होती. टोपी मात्र डोक्यावर तशीच राहिली होती.

"गेली," ते म्हणाले.

"मी तेव्हा मस्करी केलंय, काकानू. कंबरेक बांधा म्हणून."

"मस्करी?" ते माझ्याकडे बघत राहिले. पाण्याने केस कपाळावर चिकटले होते. "आमच्या वडलांनी तंगूस पायाच्या अंगठ्याक बांधूक शिकवल्यानी. ती पण मस्करीच काय गो?"

मला हसू आलं नाही. खाली लाट पुन्हा त्या पायरीवर आली, पायरी भरली, रिकामी झाली. त्या पायरीवर कुणी नव्हतं. मी दोनदा बघितलं.

"उठ," काका म्हणाले. "भाई वाट बघीत आसतलो."

ते उठले. मीही उठले. वाट अरुंद होती, एका माणसाची. ते पुढे आणि मी मागे.

"सोड गो आता," ते चार पावलांवर म्हणाले. "शर्ट फाटात."

मी बघितलं. माझी मूठ अजून त्यांच्या पाठीवर होती. मी ती उघडायचा प्रयत्न केला.

"सोडतंय," मी म्हणाले, आणि तशीच स्कूटरपर्यंत गेले.